उत्तमच्या वहीतली माझी दोन पानं

उत्तम गेल्याचं मला कळलं तेव्हा तिसरा तास चालू होता. जऊळक्याच्या शाळेत मी सातवीला इतिहास शिकवत होतो. शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, "गुर्जी, आसेगावकून मानूस आला. पडघान गुर्जी वारले म्हन्ते." फळ्यावर मी अर्धं वाक्य लिहिलं होतं. ते पूर्ण केलं, खाली रेघ मारली आणि खडू खोक्यात ठेवला... असं का केलं ते अजूनही सांगता येत नाही. बहुतेक असं वाटलं असावं की मी वर्गाबाहेर पाऊल टाकलं नाही तोवर ती बातमी माझी नाही. मग मुलांना सुट्टी दिली आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तेव्हा सगळं तयार होतं. वस्तीतले लोक माझ्यासाठी थांबलेत असं कोणी म्हणालं नाही, पण थांबले होते. मी खांदा दिला. उत्तम पडघानचं वय बेचाळीस. कावीळ महिनाभर अंगावर काढली, आणि त्या महिन्यातही गडी टेबलाशी बसून वाचत होता.

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. त्याच्यावर लिहा असं मला पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, पण त्यांच्याही आधी खुद्द उत्तमनं मला काही लिहायला सांगितलं होतं, पाच वर्षांपूर्वी, आणि त्यानंतर भेटेल तेव्हा दर वेळी. ते काय ते पुढे येईलच.

आम्ही दोघं एकाच गावचे, आसेगावच्या पुढे चार मैलांवरच्या. मी कुणब्याचा, चाळीस एकर कोरडवाहू आणि एक विहीर असलेल्या घरातला. उत्तम वस्तीवरचा. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, आणि मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेला होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण याच माणसानं पुढे इंग्रजी पेपरांतून दोन देश असे वाचले की माझ्यासारखा बी. ए. झालेला माणूस त्याच्यापुढे कान पकडून बसायचा. दोघंही मास्तर झालो आणि योगायोगानं सात वर्षं एकाच शाळेवर होतो. जाता-येता सायकलवर त्याची शिकवणी चालायची. माझी म्हणजे. दोन सायकली, मी पुढे, तो मागे, आणि मागून अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका माझ्या पाठीवर आदळत राहायची.

हे दोनच देश. बाकी जगाशी त्याला देणंघेणं नव्हतं. अमेरिकेतल्या काळ्या पोरांनी चळवळ केली हे त्या काळात आपल्याकडे बऱ्याच जणांनी वाचलं होतं, सभांमधून त्याचा उल्लेख होत असे. उत्तमचं वेगळेपण असं की तो एका देशावर थांबला नाही. "एक देश पाह्यला तर गोष्ट होते बापू," तो म्हणायचा, "दोन पाह्यले तर इचार होते." कारंज्याच्या बाजारात एका सरकीच्या व्यापाऱ्याकडे मुंबईचे इंग्रजी पेपर येत. महिन्याच्या अखेरीला त्याची रद्दी निघायची, ती उत्तम एसटीच्या टपावर टाकून गावी आणायचा. व्यापाऱ्याचा मुनीम त्याला एकदा म्हणाला, "गुर्जी, किराना दुकान टाकलं का? पुड्या बांधता का एवढ्या?" उत्तम म्हणाला, "हो, बांधतो. दोनच मालाच्या." घरी गेला की त्या गठ्ठ्यातून दोन देशांच्या बातम्या कात्रीनं काढायच्या, शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावायची आणि मोठ्या वहीत लिहायची. डाव्या पानावर अमेरिका, उजव्या पानावर आफ्रिका. समोरासमोर.

त्या वहीत मी पहिल्यांदा डोकावलो तेव्हा मला वाटलं होतं की तारखा असतील, कायदे असतील, पुढाऱ्यांची नावं असतील. तेही होतं. पण बरीचशी जागा त्याच्या प्रश्नांनी अडवली होती. काळ्याचे केस गोरा न्हावी कापतो का? काळा मेला तर गोरा शेजारी दारात येतो का, की नुसता निरोप पाठवतो? काळी बाई गोऱ्याच्या घरी स्वयंपाक करते, मग त्याच घरी जेवायला तिला जागा कुठे? कोणत्या इतिहासकाराला हे प्रश्न सुचले असतील ते मला माहीत नाही. मला तर चाळीस वर्षं त्या गावात राहून सुचले नव्हते. उत्तमला सुचले, कारण त्याला या प्रश्नांची इथली उत्तरं पाठ होती आणि तिथली हवी होती.

दोन्ही देशांत गोरे बाहेरून आले, जहाजातून उतरले, मूळच्या लोकांना हुसकावून जमीन घेतली आणि तिथंच घर करून बसले. परत गेले नाहीत, जसे आपल्याकडून इंग्रज गेले. इथवर दोन्ही पानं सारखी. मग तो फरक काढायला बसायचा आणि मी थक्क होऊन ऐकायचो. अमेरिकेत काळे थोडे, आफ्रिकेत काळेच जास्त. "थोडे असले तं समोरच्याले लाज आना लागते. जास्त असले तं समोरच्याले आधीच भेव रायते. लाजेचा इलाज येगळा, भेवाचा येगळा." अमेरिकेत मोठ्या कोर्टानं काळ्यांच्या बाजूनं निकाल दिला, आफ्रिकेत सरकारनंच उलटे कायदे केले. दोन्हीकडे लोकांनी बस सोडली आणि मैलोन्‌मैल पायी कामावर गेले. हे वाचून तो हरखून गेला होता. आपल्याकडे तर बसच नव्हती, आपण आधीपासूनच पायी होतो, असं म्हणून हसला होता.

एकदा मी विचारलं, "आपलं गाव कोन्या पानावर लिहशीन?" तो सायकलवरून उतरला, ती हातात धरून चालू लागला. मग म्हणाला, "कोन्याच नाही. त्याइच्या जुलमाले जन्मतारीख हाये बापू. अमुक साली जहाज लागलं, अमुक साली पयला मानूस इकला. आपल्यावाल्याचं जहाज कोन पाह्यलं? अन् तिथं कातडं पाहून कळते. इथं आधी आडनाव इचारा लागते, मंग तोंड वाकडं करता येते." मला हसू आलं, आणि लगेच कसंसंच झालं, कारण माझ्या बाबांना मी हा प्रश्न शंभरदा विचारताना ऐकलं होतं. 'आडनाव काय म्हनले गुर्जी तुमचं?'

आफ्रिकेत काळ्या माणसाला आपल्याच देशात हिंडायला पास जवळ बाळगावा लागतो हे वाचलं तेव्हा त्यानं एक अजब प्रयोग केला. आपला जातीचा दाखला खिशात घालून तो पंधरा दिवस हिंडला. कचेरीत, बँकेत, बाजारात, काही निमित्त काढून तो कागद समोर ठेवायचा आणि समोरच्याकडे बघत राहायचा. मी म्हटलं, "वेडा झाला का? तुह्या दाखल्यानं तुले नोकरी भेटली. त्याइचा पास त्याइले जेलात टाकते. याची बरोबरी कशी?" "बरोबरी नाहीच," तो म्हणाला. "कागदाचं काम उलटं हाये. पन कागद वाचल्यावर चेहरा बदलते ना, तो चेहरा म्या पंधरा दिवस पाह्यला. आता पेपरात तिथल्या पोलिसाचा फोटो पाह्यला की मले वळखू येते." अशी त्याची पद्धत. जे पुस्तकात नाही ते अंगावर घेऊन बघायचं.

वर्गात तर त्यानं धमालच केली होती. एका भिंतीवर दोन नकाशे शेजारी शेजारी टांगले होते. एकदा तपासणीला साहेब आले. अभ्यासक्रमात दक्षिण आफ्रिका एवढी कुठे आहे असं त्यांनी विचारलं आणि जरा घुश्शातच चौथीतल्या एका मुलीला उभं केलं. "सांग, या देशात काय होते?" पोरगी धीट. म्हणाली, "साहेब, तिथं पानी पेवाच्या जागी पाटी लावेल रायते. कोनी कुठं पेवाचं ते लिहेल रायते." साहेब म्हणाले, "अन् आपल्याकडं?" "आपल्याकडं पाटी नसते साहेब. तरी समद्याइले माहीत रायते." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शेरेबुकात लिहिलं, 'भूगोल समाधानकारक'. पुढे तीन दिवस आम्ही दोघं जेवताना 'भूगोल समाधानकारक' म्हणून हसत होतो.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न निघालं. नवरदेवाकडचे कारंज्याच्या बाजूचे, मानपान सांभाळणारे. आमच्याकडे लग्नाला आवतन देतात त्याच्या दोन तऱ्हा. एक घरटी एका माणसाची, आणि दुसरी चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. वस्तीवर पूर्वी आवतन जायचं ते वेगळंच असे. सगळ्या पंगती उठल्यावर गोठ्याच्या बाजूला बसायचं, भांडी आपली आणायची. दीक्षा घेतल्यापासून वस्तीनं तसं जेवायला येणंच सोडलं होतं. मी हट्ट धरला की उत्तमच्या घरी चूलबंद आवतन गेलं पाहिजे. बाबांनी आठ दिवस तोंड फिरवलं आणि शेवटी एका अटीवर हो म्हणाले. येऊ दे, पण बसतील ते मागून, गोठ्याकडे. भांडी आणायची गरज नाही, पत्रावळी आपण देऊ. बाबांच्या मते त्यांनी फार मोठं पाऊल टाकलं होतं, आणि माझ्या मते ते मी टाकायला लावलं होतं. आवतन द्यायला मी स्वतः गेलो. अट सांगितली नाही.

का नाही सांगितली? मनात म्हटलं होतं, त्या दिवशी ऐनवेळी त्याला बाजूला घेऊ, 'थांब, आपण दोघं मागून निवांत बसू' असं म्हणू, त्याला कळणारही नाही. उत्तमनं विचारलं होतं, सरळ विचारलं होतं, "बापू, सारं बराबर हाये ना? माही माय येईन सोबत. ती तुमच्या आंगनात कधी बसली नाही." मी म्हटलं, "तू काहून काळजी करून राह्यला? सारं बराबर हाये."

लग्न सकाळी लागलं. मी वऱ्हाडाच्या मागेपुढे इतका होतो की उत्तम कधी आला ते पाहिलंच नाही. पहिली पंगत बसली तेव्हा मांडवात समोरासमोर दोन लांब रांगा होत्या, आणि एका रांगेच्या टोकाला पाच माणसं बसली होती. उत्तम, त्याची म्हातारी आई, बायको शांता आणि दोन मुली, नवीन फ्रॉक घातलेल्या. पळसाच्या पत्रावळी सगळ्यांपुढे आधीच मांडलेल्या होत्या. वाढणारे सगळे आमच्याच भाऊबंदांतले. पहिला भात घेऊन गेला, त्या पाचांच्या आधी थांबला आणि वळला. त्याच्यामागून वांग्याची भाजीवाला वळला, त्याच्यामागून बुंदीवाला. मी वरणाची बादली घेऊन चौथा होतो. उत्तमच्या समोर येऊन उभा राहिलो. त्यानं मान वर करून पाहिलं. त्याच्या पत्रावळीवर भातच नव्हता, तेव्हा वरण वाढू कशावर असा विचार करता आला असता... पण तसा तो केला नाही. मी वळलो आणि बादली भरून आणायला स्वयंपाकाच्या मांडवाकडे गेलो. बादलीत अजून भरपूर वरण होतं.

आमच्याकडे पंगतीचा एक नियम आहे. शेवटच्या पत्रावळीपर्यंत वाढून झाल्याशिवाय आणि यजमानानं हात जोडून 'चालू द्या' म्हटल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. कितीही भूक असो. तर दोनशे माणसं हात आवरून बसली होती आणि टोकाला पाच पत्रावळी कोऱ्या होत्या. बाबा 'चालू द्या' म्हणेनात. म्हटलं असतं तर कोऱ्या पत्रावळींवर पंगत सुरू केल्याचं पाप, न म्हणावं तर भात थंड होतोय. ते स्वतः टोकापर्यंत चालत गेले, हात जोडले आणि हळूच म्हणाले, "गुर्जी, जरासं तिकडं गोठ्याकडं बसता का? तुमचं तिकडं काढलं हाये." उत्तमची आई लगेच उठायला लागली. सवयच होती ती. उत्तमनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस, माय." मग बाबांना म्हणाला, आवाज जराही न चढवता, "बाबाजी, आवतन चूलबंद होतं. आज आमच्या घरी चूल पेटली नाही. गोठ्याकडं तं ज्याइच्या घरी चूल पेटते ते बसतेत ना."

नवरदेवाचा आजा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. सत्तरीचा, भुकेनं कावलेला. "का होऊन राह्यलं? चालू काहून नाही करत?" कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं. तो जरा घुटमळला. मग मोठ्यानं म्हणाला, "मंग उठवा नाहीतं वाढा! एक काहीतरी करा, भात थंडा होऊन राह्यला." पण उठवायचं कोणी? बाहेर काढायला अंगाला हात लावावा लागतो, आणि शहाणपणा सांगायला काही शब्द लागतात. दोन्हींतलं काही कोणाजवळ नव्हतं. अमेरिकेतली पोरं हॉटेलच्या बाकावर जाऊन बसायची आणि जेवण मिळेपर्यंत उठायची नाहीत, हे उत्तमनं मला किती वेळा सांगितलं होतं! त्या क्षणी ते माझ्या समोर, माझ्या अंगणात बसलेलं होतं, दोन नवीन फ्रॉक घालून, आणि मी स्वयंपाकाच्या मांडवात बादली धरून उभा होतो.

माझी आई चुलीशी होती. तिला काय समजलं, कोणी सांगितलं, ठाऊक नाही. ती उठली, पदर खोचला, भाताची टोपली कमरेवर घेतली आणि माझ्या शेजारून गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उत्तमच्या आईपासून सुरुवात केली. "घ्या माय," म्हणाली. पाचही पत्रावळींवर भात वाढला, परत येऊन भाजी नेली, बुंदी नेली, आणि माझ्या हातातली बादली काढून घेऊन वरणही तिनंच वाढलं. मग भर पंगतीत बाबांना म्हणाली, "आता म्हना ना चालू द्या." वऱ्हाडातले चार-पाच जण पत्रावळ सोडून उठले. बाकीचे जेवले. नवरदेवाचा आजा पोटभर जेवला आणि दुसऱ्यांदा बुंदी मागून घेतली. कुसुमचं लग्न मोडलं नाही. बाबा आईशी महिनाभर बोलले नाहीत, पण ते तसेही फार बोलत नसत.

चार दिवसांनी उत्तम शाळेत भेटला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हातानंच थांबवलं आणि विचारलं, "तुह्या मायनं काहून वाढलं रे?" मला वाटलं होतं की माय म्हणेल, माणूस माणूस आहे, वगैरे. तिला विचारलं होतं मी. ती म्हणाली होती, "पोरीच्या लग्नात पाच पत्रावळी कोऱ्या? केवढा अपशकुन!" हे ऐकून उत्तम इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लगेच वही काढून लिहिलं. "पाह्य बापू," तो म्हणाला, "तिथं हाटेलवाल्याइनं दिवे मालवले, दुकान बंद केलं अन् घरी गेले. त्याइचा धंदा बुडाला, पन कोनाचा घास अडला नाही. आपल्याकडं एकाचं जेवन अडलं तं दोनशेचं अडते. हे त्या दोन्ही देशात नाही. हे आपल्याजवळ हाये, अन् आपल्याले माहीतच नव्हतं!" स्वतःच्या अपमानातून चौथ्या दिवशी नवीन विचार काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याची भीती वाटली त्या वेळी. आदरानं माणसाला भीती वाटते ती.

मग तो म्हणाला, "आता तुहं काम. तू समोर उभा होता तवा तुह्या मनात का होतं, ते लिहून दे. दोन पानं. बसनाऱ्याइचं समदं लिहेल हाये. दोन्ही देशात, शंभर जागी. उभा राहून जो वळला त्याचं कोनी लिहत नाही. त्याच्याबिगर पुस्तक लंगडं." त्याला त्या वहीचं पुस्तक करायचं होतं. कारंज्याचा एक प्रेसवाला छापायला तयारही होता. मी म्हटलं, "देतो, आठवडाभरात." उत्तमनं वहीत दोन पानं सोडली.

आठवड्याचे महिने झाले. मी लिहायला बसलो नाही असं नाही. एकदा लिहिलं की मला भीती वाटली, बहिणीचं लग्न मोडेल म्हणून. वाचून उत्तम म्हणाला, "हे खोटं हाये." दुसऱ्यांदा लिहिलं की मला काही सुचलं नाही, बधिर झालो होतो. तो म्हणाला, "हे त्याच्याहून खोटं." रागावला नाही. पोराची चुकलेली बेरीज परत करावी तसा कागद परत केला. शहात्तर साली आफ्रिकेतली शाळकरी पोरं रस्त्यावर आली, परक्या भाषेत शिकणार नाही म्हणून, आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. तेव्हा तो रात्रंदिवस वाचत होता, शिक्षक म्हणून त्याच्या जिवाला ते फार लागलं होतं. उजवं पान एकदम पुढे गेलं, डावं मागे पडलं. तेव्हाही त्यानं विचारलं, "तुही दोन पानं?" प्रेसवाला घाई करत होता. उत्तम म्हणायचा, बापूचं येऊ दे. माझी जऊळक्याला बदली झाली आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सायकलवर मागून येणाऱ्या त्या प्रश्नाचा पिच्छा सुटला.

शेवटची भेट तो जायच्या तीन आठवडे आधी. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. बाजेवर उशीला टेकून बसला होता. मी म्हटलं, "उत्तम, तिथं कसं होईन रे शेवटी? आफ्रिकेत?" खरंतर मला दुसरं काही बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, "सुटतीन. मले दिसनार नाही, तुले दिसन. पन सुटल्यावर गोऱ्याइले उभं करून इचारजा म्हना, तुमी वळले तवा तुमच्या मनात का होतं. ते नाही इचारलं तं मंग सुटून बी..." त्याला धाप लागली. वाक्य तिथंच राहिलं. शांतावहिनींनी पाणी दिलं. मी उठलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हात चालते ना तुहा अजून?"

परवा उत्तमच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. लोक पांगल्यावर शांतावहिनींनी मला त्याच्या खोलीत नेलं. रद्दीचे दोन ढीग अजून तसेच होते, कात्री वर ठेवलेली. त्या म्हणाल्या, "भावजी, म्या प्रेसवाल्याले हो म्हनून देलं. ते म्हनून गेले, बापूनं नाही लिहलं तं दोन पानं कोरी छापजा. वर त्याचं नाव टाकजा, खाली काही नको." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मला वही दिली, खिडकीजवळची त्याची खुर्ची सरकवली आणि बाहेर निघून गेल्या. मी बसलो. त्यानं सोडलेली ती दोन पानं उघडली. समासाची रेघ त्यानं आखून ठेवली होती, आमच्या मास्तरी सवयीनं, तांबड्या शाईची.

तिथं बसून जे लिहिलं ते असं.

मी वरणाची बादली घेऊन उत्तम पडघानच्या समोर उभा होतो. त्यानं वर पाहिलं. मला भीती वाटली नाही. लाजही वाटली नाही, ती नंतर आली. मला त्याचा राग आला. मनात आलं, याला घरात घेतलं, बापाशी भांडून चूलबंद आवतन दिलं, पत्रावळ दिली, आणखी काय पाहिजे याला? जरा मागून बसला असता तर काय बिघडलं असतं? माझ्यासाठी एवढंही करता येत नाही? त्या क्षणी तो माझा मित्र नव्हता, मी दिलेलं न मानणारा माणूस होता. म्हणून मी वळलो.

एवढंच होतं, उत्तम. दोन पानंसुद्धा भरत नाहीत.